पॉइंट मोटर बसवणे आणि वाढवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर हाताने बदलायचे पॉइंट (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारे रुळांचे सांधे) मोटरवर नेताना, मोटरची हालचाल पॉइंटपर्यंत पोहोचवणाऱ्या पिनची लांबी वाढवताना किंवा मोटरींची संख्या वाढवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे आहेत. आकडे १६.५ मिमी गेजच्या (ओओ आणि एचओ) पॉइंटांसाठी आहेत. एन गेजला पद्धत तीच. फक्त टाय-बार (पॉइंटचे हलते रूळ एकत्र सरकवणारी आडवी पट्टी) तिथे कमी सरकतो, त्यामुळे चुकीला जागाही कमी उरते.

मोटर बसवण्याआधी पॉइंटमध्ये काय पाहावे?

पॉइंट बोटाने बदलून पाहा. टाय-बार कुठेही न अडखळता सरकला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना टंग रेल (हलता, टोकदार रूळ) स्टॉक रेलला (बाहेरच्या स्थिर रुळाला) पूर्ण टेकली पाहिजे. टंग रेलचे टोक आणि स्टॉक रेल यांच्यात पातळ कागद सहज शिरत असेल, तर तो पॉइंट अजून मोटरसाठी तयार नाही. कारणे बहुतेक वेळा साधी असतात: साच्यातून निघालेल्या प्लास्टिकची कड टाय-बारखाली राहिलेली, खडीचा दाणा अडकलेला, किंवा पाट (बेसबोर्ड) सपाट नसल्यामुळे पूर्ण पॉइंटलाच बाक आलेला. बाक ओळखायला पॉइंटवर आडवी-उभी स्टीलची पट्टी ठेवून खालून उजेड दिसतो का ते पाहा.

मोटर चालत नाही म्हणून येणाऱ्या तक्रारींत वायरिंगपेक्षा असल्या यांत्रिक अडथळ्यांचा वाटा मोठा असतो. म्हणून ही पायरी गाळू नका.

सोलेनॉइड, स्लो-मोशन की सर्व्हो?

सोलेनॉइड मोटरमध्ये दोन कॉइल असतात. ज्या कॉइलला झटका मिळतो, ती लोखंडी गाभा आपल्याकडे ओढते. पेकोची पीएल-१० आणि सीपची पीएम-१ या जातीतल्या. त्या उथळ असतात आणि त्यांचे वायरिंग सोपे असते; मात्र झटका काही अँपिअरचा लागतो आणि आवाज मोठा होतो.

स्लो-मोशन मोटरमध्ये छोटी डीसी मोटर आणि गिअर असतात. टोकाला पोहोचल्यावरही तिला वीज चालूच राहते, आणि ती तशीच थांबून पॉइंट दाबून धरते. टॉर्टॉइस आणि कोबाल्ट या जातीच्या. टॉर्टॉइस १२ व्होल्टवर थांबलेल्या स्थितीत सुमारे १६ मिलिअँपिअर घेते आणि पॉइंट बदलायला दोन-तीन सेकंद लावते. तिची उंची साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास असल्याने बेसबोर्डखाली तेवढी जागा हवी.

सर्व्हो म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंतच फिरणारी छोटी मोटर. तो सर्वांत लहान असतो आणि किती सरकायचे हे इलेक्ट्रॉनिक्सने ठरवता येते, पण त्यासाठी कंट्रोलर बोर्ड लागतो.

एकाच लेआउटवर तिन्ही प्रकार वापरायला हरकत नाही. यार्डात सोलेनॉइड आणि समोरच्या दर्शनी जंक्शनवर स्लो-मोशन ही जोडी छान जमते.

पॉइंटमधली छोटी स्प्रिंग काढावी का?

सोलेनॉइडसाठी ठेवा. झटका संपल्यावर सोलेनॉइडमध्ये धरून ठेवणारे बळ नसते, ते काम स्प्रिंगच करते. लॅचची स्प्रिंग आत असलेल्या सोलेनॉइड मोटरी मिळतात, त्या मात्र बिनस्प्रिंगच्या पॉइंटसाठीच आहेत. दोन्ही स्प्रिंगा एकत्र आल्या की मोटरला दुप्पट विरोध होतो.

स्लो-मोशनसाठी स्प्रिंग काढलेली बरी. ठेवली तर मोटर सावकाश फिरते, तार वाकत राहते आणि मध्यावर पॉइंट फटकन उडतो. मग सावकाश चालणारी मोटर घेण्याचा उपयोग काय?

मोटर थेट पॉइंटला लावावी की बेसबोर्डखाली?

पीएल-१०च्या चार पट्ट्या पेकोच्या पॉइंटखालच्या खाचांत बसवून वळवता येतात. त्यात मध्य आपोआप साधतो. त्यासाठी टाय-बारखाली सुमारे ४० × २५ मिमीचा चौकोन कापावा लागतो. कापण्याआधी आपली मोटर प्रत्यक्ष मोजा. तोटा असा, की एवढ्या भोकावर खडी टिकत नाही (आधी जाड कागद चिकटवावा लागतो) आणि मोटर बिघडली तर पॉइंट उचलावा लागतो.

बेसबोर्डखाली लावल्यास वरून ८ ते १० मिमीचे भोक पुरते आणि मोटर केव्हाही बदलता येते. पीएल-१०ई या प्रकारात पिन त्यासाठीच लांब दिलेली असते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हीच पद्धत धरावी.

भोक नेमक्या जागी कसे पाडावे?

पॉइंट चिकटवण्याआधी तो जागेवर ठेवा आणि जोडरूळ लावून पक्का करा. टाय-बार मध्यावर आणा. दोन्ही टंग रेलच्या बाजूंना सारख्या जाडीच्या कार्डाचे तुकडे खोचले की तो हलत नाही. टाय-बारच्या मधल्या छिद्रातून १ मिमीच्या ड्रिलने पाटावर खूण करा, मग पॉइंट उचलून ते भोक आरपार न्या. ड्रिल काटकोनात राहायला हवे. १२ मिमी प्लायमध्ये ५ अंश तिरके गेले तर खाली १ मिमी फरक पडतो, आणि टाय-बारची एकूण हालचाल जेमतेम दोन-अडीच मिमी असते.

त्यानंतर तेच भोक वरून ८ मिमीचे करा. खालच्या बाजूला तुकडे उडू नयेत म्हणून मागे लाकडाचा ठोकळा दाबून धरा.

पॉइंट आधीच चिकटवला आहे. आता?

टाय-बारच्या छिद्रातूनच १ मिमीचे भोक हाताने फिरवायच्या ड्रिलने आरपार करा. मग खालून ८ मिमीचे ड्रिल त्या भोकावर धरा. पाटाची जाडी मोजून, त्याहून १ मिमी कमी अंतरावर ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळा आणि पट्टी पाटाला टेकली की थांबा. उरलेला प्लायचा पापुद्रा आणि रुळांखालचा कॉर्क टोकदार सुरीने कोरून काढा. घाईत ड्रिल आरपार गेले तर टाय-बार तुटतो आणि पॉइंट नवा घ्यावा लागतो.

तेही शक्य नसेल तर बाजूला, रुळांच्या पातळीवर बसणारी मोटर वापरा आणि तिच्यावर केबिन किंवा झुडूप ठेवा.

मोटर मधोमध कशी आणायची?

तारा मोटरला टेबलावरच सोल्डर करा. उलट्या स्थितीत पाटाखाली सोल्डर करताना वितळलेला थेंब आणि फ्लक्स मोटरच्या आत किंवा आपल्या डोळ्यांवर पडतो. प्रत्येक तारेची २०-२५ सेमी शेपटी ठेवून ती स्क्रूच्या टर्मिनल पट्टीत न्या.

मग टाय-बार मध्यावर अडकवून ठेवा, मोटरचा गाभाही मध्यावर आणा, पिन छिद्रात घाला आणि मोटर दुहेरी चिकटपट्टीने तात्पुरती धरा. कार्ड काढून पिन हाताने दोन्हीकडे ढकला. दोन्ही बाजूंना टंग रेल टेकल्यानंतरही पिनमध्ये थोडी सारखीच हालचाल उरली पाहिजे. उरली तर आधी दोनच स्क्रू लावा, झटका देऊन पाहा, मगच बाकीचे.

स्क्रू पिळून घट्ट करू नका. पातळ फ्रेम पाटाच्या उंचसखलपणाप्रमाणे वाकते आणि गाभा अडकतो. ‘टेबलावर चालत होती, लावल्यावर बंद पडली’ याचे नेहमीचे कारण हेच. स्क्रू पाव फेरा ढिले करून पाहा.

बेसबोर्ड जाड आहे आणि पिन वरपर्यंत पोहोचत नाही. पिन वाढवता येते का?

येते, पण आधी तिचा परिणाम समजून घ्या. एका टोकाला धरलेल्या पिनचा बाक लांबीच्या घनाने वाढतो: लांबी दुप्पट, बाक आठपट. याशिवाय गाभ्याच्या वाटेत मुळातच थोडी ढिलाई असते, आणि पिनची लांबी दुप्पट झाली की टोकाशी ती ढिलाईही दुप्पट होते. सोलेनॉइडची जी हालचाल टंग रेलपर्यंत जायला हवी, ती अशी वाटेतच मुरते. म्हणून पिन वाढवण्यापेक्षा मोटर वर आणणे नेहमीच चांगले.

मोटर वर आणायची म्हणजे पाट तिथे पातळ करायचा. रूळ टाकलेले नसतील तर ८० × ५० मिमीचा तुकडा कापून त्या जागी ३ मिमी प्लायची पट्टी वरच्या पातळीला बसवा आणि मोटर तिला खालून लावा. रूळ टाकलेले असतील तर खालून राउटरने खोबण करा, पण ५ मिमी लाकूड राहू द्या. मोटरचे स्क्रू तेवढ्यात मावतील असे आखूड निवडा.

खोबण करता येत नसेल तर पिन वाढवा:

१. पिनचा व्यास व्हर्निअरने मोजा. त्याहून ०.१ मिमी मोठ्या आतल्या व्यासाची पितळी नळी आणि पिनच्याच जाडीची पोलादी तार घ्या.

२. पिन आणि तार यांची टोके सँडपेपरने खरवडा आणि स्पिरिटने पुसा.

३. नळी २० मिमी लांब कापा. निम्म्यात पिन, निम्म्यात तार, आणि मध्ये सावकाश वाळणारे इपॉक्सी. सोल्डर टाळा, उष्णता पिनमधून खाली उतरून प्लास्टिकपर्यंत जाते.

४. रात्रभर वाळू द्या. नळीची बाहेरची जाडी भोकाच्या कडांना दोन्ही टोकांच्या स्थितीत लागत नाही ना हे पाहा. गरज पडली तर भोक १२ मिमी करा.

५. तार टाय-बारच्या वर १ मिमी उरेल आणि रुळाच्या माथ्याच्या खाली राहील अशी कापा. जास्त राहिली तर इंजिनाच्या खालच्या गिअरला किंवा कपलिंगला अडकते. कापताना तार पकडीने घट्ट धरा आणि चष्मा लावा, कारण कापलेले टोक गोळीसारखे उडते.

एकूण लांबी मूळ पिनच्या दीडपटीवर गेली की सोलेनॉइडवर भरवसा ठेवू नका. तिथे टेकूवर (मधल्या आधाराच्या बिंदूवर) फिरणारी तार, म्हणजे स्लो-मोशन किंवा सर्व्हो, हाच खरा उपाय.

टॉर्टॉइसची तार जाड पाटावर लेचीपेची पडते. काय करावे?

सोबत येणारी तार ०.०२५ इंचाची, म्हणजे सुमारे ०.६४ मिमी असते. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. त्यामुळे ०.८ मिमीची पियानो वायर घातली की तो जवळपास अडीचपट होतो आणि १ मिमीची घातली की सहापट. वीस-पंचवीस मिमीपर्यंतच्या पाटाला ०.८ पुरते. १ मिमीची घातली तर टेकूचे आणि टाय-बारचे छिद्रही तपासा. टाय-बारचे छिद्र मोठे करताना प्लास्टिक चिरू शकते, म्हणून ड्रिल हातानेच फिरवा.

टेकू वर-खाली सरकतो. टोकाची हालचाल म्हणजे मोटरच्या टोकाची हालचाल गुणिले (टेकूपासून टाय-बारचे अंतर भागिले टेकूपासून मोटरच्या टोकाचे अंतर). म्हणजे टेकू खाली नेला की वरची हालचाल वाढते आणि बळ कमी होते. टंग रेल हलकेच दाबून धरली जाईल इथपर्यंतच टेकू न्या. फार दाब दिला तर टंग रेलचा टाय-बारशी असलेला जोड काही महिन्यांत निखळतो.

पॉइंटच्या नेमके खाली फ्रेमची आडपट्टी येते.

मोटर बाजूला लावून हालचाल तारेने न्या. १ मिमी आतल्या व्यासाच्या पितळी किंवा टेफ्लॉनच्या नळीतून ०.८ मिमीची पोलादी तार सरकवा. नळी दर ५० मिमीवर पाटाला पक्की करा, नाहीतर ढकलताना तार फुगते आणि हालचाल हरवते. वळण द्यावे लागले तर मोठ्या त्रिज्येचे द्या. तारेत मोटरजवळ एक ओमेगाच्या आकाराचा वळसा ठेवा. मोटरची जास्तीची हालचाल तो गिळतो, आणि पुढे बारीक दुरुस्ती करायची झाली तर वळसा पकडीने उघडला किंवा मिटवला की काम होते.

नवा लेआउट आखताना पॉइंटच्या जागा कागदावर ठरवून मगच आडपट्ट्या ठोकाव्यात. दहा मिनिटांचे हे काम पुढचा सगळा त्रास वाचवते.

सीडीयू लागतोच का?

सोलेनॉइडसाठी आमचे स्पष्ट उत्तर: हो, अगदी एका मोटरलाही. सीडीयू म्हणजे कपॅसिटर डिस्चार्ज युनिट. त्यातला कपॅसिटर सावकाश भरतो आणि बटण दाबताच एकदम रिकामा होतो. १६ व्होल्ट एसीवरून तो सुमारे २२ व्होल्टपर्यंत चढतो. ४७०० मायक्रोफॅरडमध्ये त्या वेळी १.१ जूलच्या आसपास ऊर्जा असते आणि ४ ओहमच्या कॉइलमधून ती काही शतांश सेकंदांत निघून जाते.

दुसरा फायदा सुरक्षिततेचा. ४ ओहमच्या कॉइलला १६ व्होल्ट डीसी सलग मिळाले तर हिशेबाने ६४ वॉट उष्णता होते. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने सोल्डर वितळते, यावरून काय होईल ते समजा. बटण अडकले तर कॉइल काही सेकंदांत जळते. सीडीयू असेल तर एक झटका जातो आणि पुढे वीज नगण्य राहते.

सगळेच पॉइंट एकदम बंद पडले. सीडीयू गेला का?

आधी अडकलेले बटण शोधा. एक जरी संपर्क चिकटलेला राहिला तरी कपॅसिटर भरूच शकत नाही आणि लेआउटवरचा एकही पॉइंट हलत नाही. पॅनेलवरच्या बटणांच्या तारा एकेक करून सोडवा. ज्या तारेनंतर बाकीचे जिवंत होतील, ते बटण बदला. लहान पुशबटणांचे संपर्क पाच-सहा अँपिअरच्या झटक्याने हळूहळू वितळून चिकटतात. म्हणून दोन्हीकडून परत मध्यावर येणारा टॉगल स्विच वापरा, आणि त्याची क्षमता किमान ५ अँपिअर असू द्या.

तार किती जाड हवी?

सात पदरी ०.२ मिमीची तार मोटरींसाठी सर्रास वापरली जाते, आणि छोट्या लेआउटवर ती चालतेही. पण तिचा रोध मीटरला सुमारे ०.०८ ओहम आहे. मोटर ५ मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.८ ओहम. ४ ओहमच्या कॉइलबरोबर सहावा हिस्सा ऊर्जा तारेतच जाते. त्याच तारेवर समांतर दोन मोटरी आल्या की भार २ ओहमचा होतो आणि तारेतला वाटा २९ टक्क्यांवर चढतो. क्रॉसओव्हरचा (दोन समांतर मार्ग जोडणाऱ्या पॉइंटांच्या जोडीचा) दूरचा पॉइंट कधी बदलतो, कधी नाही, तो यामुळे.

उपाय: सर्व मोटरींची समाईक परतीची तार १.५ चौरस मिमीची न्या, आणि दोन मीटरपेक्षा दूरच्या मोटरींना ०.५ चौरस मिमीची (१६ पदरी ०.२) तार द्या. समाईक तार मोटरीपासून मोटरीकडे साखळीने नेण्यापेक्षा लेआउटभर एक मुख्य तार ठेवून तिला फाटे फोडा.

एका बटणावर दोन किंवा अधिक सोलेनॉइड मोटरी चालवता येतील का?

दोन, म्हणजे क्रॉसओव्हरची जोडी, चांगला सीडीयू ओढतो. तीन-चार असतील तर कपॅसिटर वाढवा: ४७०० मायक्रोफॅरडचा आणखी एक, समांतर, ३५ व्होल्टचा, आणि ध्रुव नीट पाहून. उलटा जोडलेला इलेक्ट्रोलिटिक फुटतो. ऊर्जा दुप्पट होते, तसा भरायचा वेळही वाढतो, म्हणून दोन बटणांमध्ये दोन-तीन सेकंद थांबावे लागते.

यार्डाच्या शिडीसाठी (एकापुढे एक पॉइंटांच्या ओळीसाठी) डायोडची जाळी वापरतात: प्रत्येक रुळाला एक बटण, आणि त्या बटणापासून हव्या त्या कॉइलपर्यंत एकेक डायोड. डायोड नसतील तर वीज उलट वाटेने दुसऱ्या मार्गाच्या कॉइलमध्ये शिरते. १एन४००१ मालिकेचा डायोड १ अँपिअरचा असला तरी क्षणिक ३० अँपिअर झेलतो, त्यामुळे सीडीयूमागे तो टिकतो. सीडीयूशिवाय ही जाळी करू नका.

स्लो-मोशन मोटरी वाढवताना काय हिशेब?

इथे हिशेब सोपा आहे. वीस मोटरी गुणिले १६ मिलिअँपिअर म्हणजे ३२० मिलिअँपिअर. १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर निवांत पुरतो. पातळ तारही चालते. क्रॉसओव्हरच्या दोन मोटरी एकाच डीपीडीटी स्विचवर (दोन्ही तारा एकदम अदलाबदल करता येणाऱ्या) समांतर जोडा. एक उलटी फिरली तर तिच्याच दोन तारा अदलाबदल करा. पॅनेलवर दिवे हवे असतील तर मोटरच्या वाटेत दोन एलईडी एकमेकांना उलटे समांतर जोडा. १६ मिलिअँपिअरला वेगळा रोध लागत नाही आणि मोटरला दोन-एक व्होल्ट कमी मिळाले तरी ती चालते. तिथे एकाच एलईडी-जोडीवर दोन मोटरी टाकू नका, प्रवाह दुप्पट होतो.

फ्रॉगला वीज देण्याचा स्विच कुठून आणायचा?

फ्रॉग म्हणजे पॉइंटमध्ये दोन आतले रूळ जिथे एकत्र येतात तो भाग. टॉर्टॉइसमध्ये त्यासाठीचे दोन संपर्क-संच आत असतात, सीपच्या पीएम-१मध्ये एक असतो, आणि पीएल-१०ला वेगळा लावावा लागतो. दोन बाहेरचे टोक दोन स्टॉक रेलना, मधला फ्रॉगला. पॉइंट बदलताच शॉर्ट झाला तर बाहेरच्या दोन तारा आपसांत बदला. फ्रॉगनंतरच्या दोन आतल्या रुळांवर प्लास्टिकचे जोड हवेतच.

लांबवलेल्या पिनचा दोष इथे पटकन उघडा पडतो. मोटरचा स्विच पलटतो, पण पिन वाकल्यामुळे टंग रेल जुन्याच बाजूला राहते, आणि शॉर्ट येतो. शॉर्ट कधी होतो, कधी नाही, असे असेल तर वायरिंग उकरण्याआधी पिन पाहा.

सर्व्हो गुणगुणतो किंवा चालू करताच उडी मारतो.

गुणगुण म्हणजे सर्व्हो ठरलेल्या जागी पोहोचू शकत नाही आणि ढकलत राहतो. शेवटची स्थिती एक-दोन अंश मागे घ्या आणि ०.८ मिमी तारेत वळसा ठेवा. उडी येते ती वीज आधी आणि सिग्नल नंतर पोहोचल्यामुळे. काही कंट्रोलर सिग्नल तयार झाल्यावरच सर्व्होला वीज देतात, ते घ्या. सर्व्होचा ५ व्होल्टचा पुरवठा मायक्रोकंट्रोलरच्या पिनवरून कधीही ओढू नका.

डीसीसीवर मोटरींना रुळांचीच वीज द्यावी का?

डीसीसी म्हणजे रुळांतूनच वीज आणि डिजिटल आज्ञा पाठवण्याची पद्धत; डिकोडर त्या आज्ञा वाचून मोटर चालवतो. मोटरींना रुळांची वीज देता येते, पण वेगळी द्या. गाडी चुकीच्या बाजूने लागलेल्या पॉइंटवर चढली की शॉर्ट होऊन रुळांची वीज जाते. डिकोडर त्याच विजेवर असेल तर तो पॉइंट बदलून शॉर्ट सोडवताच येत नाही. वेगळा पुरवठा आणि वेगळा बूस्टर किंवा सर्किट ब्रेकर घेतला की पॅनेलवरून पॉइंट पलटता येतो आणि गाडी पुढे निघते.

खडी टाकल्यावर पॉइंट अडकू लागला.

पातळ केलेला फेव्हिकॉलसारखा गोंद स्लीपरांमधून वाहत टाय-बारखाली आणि खालच्या भोकात जातो. कोमट पाण्याचे काही थेंब टाकून दहा मिनिटे थांबा, टाय-बार बोटाने हलवत राहा आणि कापसाच्या काडीने टिपून घ्या. पाणी मोटरमध्ये उतरू नये म्हणून त्याआधी मोटर सोडवून बाजूला करा. पुढच्या पॉइंटांना टाय-बारच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन स्लीपरांपर्यंत खडी कोरडीच आणि पातळ ठेवा, गोंद ड्रॉपरने त्या पट्ट्याच्या बाहेर सोडा, आणि वाळेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी पॉइंट बदलत राहा.